पोरक्यांचा वाली : क्रमांक एक

घरातला कर्ता माणूस अवचित गेला म्हणजे रडणे ओसरल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांचा. ती कोणाच्या पदरात घालायची? मामा नेतो म्हणतो, आत्या नेते म्हणते, आणि कधी कधी कोणीच काही म्हणत नाही. आमच्या कादंबऱ्यांचा निम्मा संसार या एका प्रश्नावर चालला आहे. परंतु हाच प्रश्न माणसांच्या जगाबाहेर, संगणकाच्या पोटात, पन्नास वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मोठमोठ्या बुद्धिमंतांची डोकी शिणली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या प्रश्नाचा इतिहास येथे सांगावा असा बेत आहे. यंत्राचे नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनीही पान उलटू नये. यात गणित नाही. जे आहे ते घरोघरचेच आहे.

प्रथम थोडी ओळख करून घेतली पाहिजे. वहीत लिहून ठेवलेली अनारशांची कृती वेगळी आणि कढईत तळला जात असलेला घाणा वेगळा. संगणकात कृतीला प्रोग्रॅम म्हणतात आणि चालू घाण्याला प्रोसेस. एकाच कृतीवरून दहा चुलींवर दहा घाणे चालावेत, तशा एकाच प्रोग्रॅमच्या दहा प्रोसेस एका वेळी चालू शकतात. प्रत्येकीला एक क्रमांक असतो, आणि प्रत्येकीला एक पालकही असतो. कारण येथे कोणीही आकाशातून पडत नाही, एका प्रोसेसच्या पोटीच दुसरी जन्माला येते. पालक, मूल, अनाथ हे शब्द मी कादंबरीकाराच्या खोडीने घुसडलेले नाहीत. इंजिनिअर मंडळीच 'पेरेंट', 'चाइल्ड', 'ऑर्फन' असे सर्रास म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एवढेच.

ही कुळकथा सुरू होते १९६९ मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत. 'मल्टिक्स' नावाच्या एका अवाढव्य योजनेतून त्या वर्षी बेलने अंग काढून घेतले. त्या योजनेत रमलेले केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघे मागे उरले, आणि त्यांच्या वाट्याला आले पीडीपी-७ नावाचे एक जुने, दुर्लक्षित यंत्र. त्यावर त्यांनी जी कारभाराची व्यवस्था उभी केली तिचेच पुढे 'युनिक्स' झाले. आरंभी तिचा कुटुंबविस्तार अगदी आटोपशीर होता. यंत्राला टर्मिनले दोन, म्हणून प्रोसेसही दोन. नवीन मूल जन्माला घालण्याची सोयच नव्हती.

ती सोय 'फोर्क' या क्रियेने झाली. फोर्क म्हणजे रस्त्याला फुटणारा फाटा. ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये मांडली होती. बर्कले विद्यापीठातील 'जिनी' प्रकल्पात ती एका वेगळ्या रूपाने वापरात आली आणि बर्कलेलाच शिकलेल्या टॉम्प्सनमार्फत ती मरे हिलला पोचली. चालू असलेल्या प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढायची, आणि मग दोघींनी आपापल्या वाटेने जायचे! पीडीपी-७ वर एवढे सगळे अवघ्या २७ ओळींत बसले, असे रिचींनी पुढे लिहून ठेवले आहे.

मूल झाल्यावर घरात पहिला घोटाळा झाला तोही त्यांनीच नोंदविला आहे. एका फाइलखान्यातून दुसऱ्या खान्यात जाण्याची एक आज्ञा होती. ती एकाएकी निकामी झाली. कारण आता ती आज्ञा मूल पाळी. मूल बिचारे सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या खान्यात जाई आणि तेथेच संपे. पालक मात्र होता तेथेच बसून. मुलाने केलेली यात्रा बापाच्या खाती जमा होत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. अखेर ते काम पालकानेच स्वतः करावे असे ठरले.

याच लहानशा घरात आपल्या कथेचा नायक प्रथम दिसतो. प्रत्येक टर्मिनलवर बसणाऱ्याची सेवा करण्यासाठी 'शेल' नावाची एक प्रोसेस असे. हे शेल निर्माण करणारी एक मूळ प्रोसेस होती आणि तिचा क्रमांक ठरलेला होता : १. शेलचे काम संपले की जाता जाता ती क्रमांक एकला 'मी चालले' असा निरोप ठेवी, आणि क्रमांक एक त्या टर्मिनलवर नवी शेल बसवी. पुढे या मूळ पुरुषाचे नाव 'इनिट' पडले. वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी हाच बसलेला असतो.

आता मृत्यूकडे वळू. प्रोसेस मरते तेव्हा तिने व्यापलेली जागा, उघडलेल्या फाइली, सारे परत घेतले जाते. पण नोंदवहीतील तिची ओळ मात्र लगेच खोडत नाहीत. शाळेत काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मूल शाळा सोडून गेले तरी पालक येऊन दाखला नेईपर्यंत त्याचे नाव पटावर असतेच. येथेही तसेच. मूल यशस्वी होऊन गेले की अपयशी, त्याने किती वेळ खर्च केला, हा हिशेब त्या ओळीत लिहिलेला असतो आणि तो पालकाने येऊन वाचायचा असतो. या वाचण्याच्या क्रियेला 'वेट' म्हणजे वाट पाहणे असे नाव आहे. हिशेब वाचला की ओळ पुसली. ज्याचा हिशेब कोणी वाचला नाही त्याला 'झोंबी' म्हणतात. देह गेला, नाव उरले. अशा झोंबीला मारायला लोक आज्ञेवर आज्ञा सोडतात आणि ती ढिम्म हलत नाही म्हणून चिडतात. जो मेलेलाच आहे त्याला पुन्हा मारणार कसे? तेथे मारेकऱ्याची नव्हे, हिशेब नेणाऱ्याची गरज असते.

आणि हिशेब नेणारा पालकच आधी मेला तर?

१९७५ साली निघालेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याचे उत्तर उघड्या डोळ्यांनी वाचता येते. प्रोसेस संपविणाऱ्या भागात अवघ्या काही ओळी आहेत. मरणाऱ्याची मुले कोणती, हे पाहण्यासाठी सगळी नोंदवही वरपासून खालपर्यंत चाळायची. ज्याच्या पालकाच्या रकान्यात मरणाऱ्याचा क्रमांक असेल, त्या रकान्यात १ लिहायचा. एखादे मूल थांबवून ठेवलेले असेल तर त्याला चालू करायचे. आणि क्रमांक एकला जागे करायचे. संपले! ना मामा, ना आत्या, ना कोर्टकचेरी. आजोबा हयात असले तरी त्यांना विचारायचे नाही. सगळे पोरके थेट मूळ पुरुषाच्या पदरात. त्या वेळी नोंदवहीत जागा अवघ्या ५० प्रोसेसची होती. झोंबींनी ती अडवून ठेवली असती तर नव्या जन्माला जागाच उरली नसती, तेव्हा या चार ओळींवर सगळ्या घराचा जीव अवलंबून होता असे म्हटले तरी चालेल.

या ओळी जगाला समजावून सांगितल्या त्या एका शिक्षकाने, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा मजकूर ओळींना क्रमांक घालून छापला आणि सोबत त्यावर भाष्य लिहिले. पण १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली ती वर्गात शिकविण्यास मनाई करणाऱ्या अटीसह. मग लायन्सच्या भाष्याच्या छायाप्रती, त्या प्रतींच्या प्रती, हातोहात फिरू लागल्या. अक्षरे पुसट होईपर्यंत त्या वाचल्या गेल्या. पुस्तक रीतसर, उजळ माथ्याने प्रसिद्ध झाले ते १९९६ मध्ये, आणि १९९८ मध्ये लायन्स वारले. टीकाग्रंथ चोरून वाचावा लागावा, हे भाग्य फार थोड्या मास्तरांच्या वाट्याला येते.

असो. क्रमांक एकने पोरक्यांना पदरी घेतले खरे, पण हा वाली करतो काय? येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. तो त्यांना वाढवीत नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवीत नाही, त्यांचे आता काय काम उरले आहे हेही विचारीत नाही. ती मेली की तो त्यांचा हिशेब वाचतो आणि ओळ पुसतो. म्हणजे तो खरे तर उत्तरक्रिया करणारा आहे. मेलेल्यांची सोय लागली. पण जिवंत पोरक्यांनी जगायचे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पुढील पन्नास वर्षांचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

जिवंत पोरके तसेच सोडले तर काय होते? समजा, एका मोठ्या प्रोग्रॅमने मदतीला चार मुले घेतली आणि तो एकाएकी कोसळला. मुले काम करीतच राहतात. ज्याच्यासाठी करावयाचे तो उरला नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ती यंत्राचा वेळ खातात, जागा अडवितात. त्याहून वाईट म्हणजे एखादी फाइल किंवा बाहेरून निरोप येण्याची एखादी खिडकी ती धरून बसतात. कोसळलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा तर त्याला उत्तर मिळते : जागा अडलेली आहे. दुकान उघडायला नवा मालक आला आणि किल्ली जुन्या नोकराच्या कनवटीला, असा प्रकार.

आरंभीचा एक उपाय टेलिफोनने शिकविला. त्या काळी लोक दुरून, टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी बोलत. तार तुटली की 'हँगअप' नावाचा सिग्नल त्या टर्मिनलवरच्या प्रोसेसना जाई आणि त्या बहुधा संपत. वरकरणी ठीक. पण ज्याने रात्रभर चालणारे मोठे काम लावून दिले आहे त्याने काय करावे? फोन ठेवला की काम मेले! त्यासाठी 'नोहप' ही आज्ञा निघाली : हँगअपकडे दुर्लक्ष कर आणि जगत राहा. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच दोन पक्ष पडले. एक म्हणे, पालकामागे मुलांनी राहू नये. दुसरा म्हणे, आमची मुले आमच्यामागे काम करण्यासाठीच आहेत. दोन्ही पक्षांचे खरे होते, म्हणून तर हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या पक्षाने तर मुद्दाम अनाथ करण्याची युक्ती काढली. पालकाने मूल करावयाचे, मुलाने नातू करावयाचा, आणि मुलाने तत्काळ मरून जायचे. पालक मुलाचा हिशेब लगेच वाचून मोकळा होतो आणि नातू आपोआप क्रमांक एकच्या पदरी जातो. अहोरात्र पडद्यामागे राबणारे सेवक, ज्यांना 'डीमन' म्हणतात, ते अनेक वर्षे असेच निर्माण होत आले. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९२ च्या गाजलेल्या ग्रंथात ही युक्ती सोदाहरण दिलेली आहे. मधल्या पिढीला केवळ मरण्यासाठी जन्माला घालायचे, ही कल्पना मला प्रथम वाचली तेव्हा काहीशी क्रूर वाटली. पण यंत्राच्या जगात क्षणाचा हजारावा भागही मोठे आयुष्य असते.

मात्र पहिल्या पक्षाची अडचण सर्वांत बिकट होती. 'पालकाने मरण्यापूर्वी मुलांना आवरावे' असे कोणी सहज म्हणेल. शहाणा पालक आवरतोही. पण युनिक्समध्ये नऊ क्रमांकाचा एक सिग्नल आहे, त्याचे नाव 'किल'. बाकीचे बहुतेक सिग्नल आले की प्रोसेसला 'थांबा, आवरून येतो' असे म्हणता येते. नऊ क्रमांकाला ते म्हणता येत नाही. तो ऐकूही येत नाही. ज्याला तो मिळाला तो त्याच पावली नाहीसा झाला. तोंडातून शब्द फुटायची सोय नाही, मृत्युपत्र नाही, मुलांकडे शेवटचे पाहणे नाही. यंत्रात जागा संपली की कारभारी स्वतःच कोणाला तरी हाच सिग्नल देतो. तेव्हा निरवानिरव मरणाऱ्यावर सोपवून भागत नाही. पालकाच्या मरणाची वार्ता मुलांपर्यंत नेणारा दुसराच कोणीतरी हवा, आणि तो म्हणजे सर्वांच्या खाली असलेला 'कर्नेल'. लष्करातला कर्नल नव्हे. कर्नेल म्हणजे बीच्या आतला गर, सगळ्या व्यवस्थेचा गाभा.

कर्नेलकडून ही वार्ता मिळविण्याची सर्वांत जुनी आणि मला सर्वांत आवडलेली तऱ्हा म्हणजे दोरीची. डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्समध्ये 'पाइप' आला. दोन प्रोसेसमधून निरोप वाहून नेणारी ती नळी. पालकाने नळीचे एक टोक आपल्या हातात ठेवायचे, दुसरे मुलाच्या हातात द्यायचे आणि नळीतून काहीच पाठवायचे नाही. पालक कसाही मेला, अगदी नऊ क्रमांकाने मेला, तरी त्याच्या हातातले टोक कर्नेल सोडवून घेतो, आणि मुलाला आपल्या टोकाशी कळते : पलीकडे कोणी नाही. मुलाने समजून घ्यावे आणि आपला गाशा गुंडाळावा. खोड एकच. पालकाकडचे टोक चुकून एखाद्या भावंडाच्या हातीही राहिले असेल तर दोरी ताठच राहते आणि बाप गेल्याचे कोणालाच कळत नाही. शिवाय मूल समजूतदार हवे, हे आलेच.

फिनलंडच्या लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'लिनक्स'ने युनिक्सची रीत उचलली आणि १९९७ मध्ये तीत एका नव्या अर्जाची भर घातली. मूल कर्नेलला आधीच सांगून ठेवू शकते : माझा पालक गेला की मला अमुक सिग्नल पाठव. आता नऊ क्रमांकाचा सिग्नल मागून ठेवला की पालकाबरोबर मूलही गेले. पण यातही फट होतीच. मूल जन्मते आणि अर्ज करते यांमधल्या निमिषात पालक मेला तर? अर्ज दप्तरी दाखल होतो, पण ज्याच्या मरणाची वर्दी द्यायची तो आधीच गेलेला! म्हणून सावध मूल अर्ज केल्यावर लगेच आपल्या पालकाचा क्रमांक पुन्हा पाहून घेते. तो बदललेला दिसला तर आपण पोरके झालो हे ओळखून स्वतःच निघते. शिवाय हा अर्ज वारसाहक्काने उतरत नाही. नातवंडाने आपला आपण करावा लागतो.

'विंडोज'मध्ये तर नातेच जुजबी. तेथे पालकाचा क्रमांक टिपलेला असतो एवढेच. तो गेला तर कोणी दत्तक घेत नाही, आणि कालांतराने तोच क्रमांक एखाद्या परक्यालाही मिळू शकतो. तेथे विंडोज २००० पासून 'जॉब' नावाचे गाठोडे आले. प्रोसेस त्यात बांधायच्या, आणि गाठोड्याची शेवटची मूठ सुटली की आतले सगळे संपावेत अशी अट घालता येते.

गाठोड्याचीच कल्पना लिनक्समध्ये वेगळ्या वाटेने आली. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेले काम जानेवारी २००८ मध्ये 'सी-ग्रूप' या नावाने लिनक्सच्या कर्नेलमध्ये दाखल झाले. मूळ हेतू होता तो कोणत्या गटाने यंत्राचा किती वाटा खाल्ला हे मोजण्याचा. पण त्यातून मोठी गोष्ट साधली. आजवर घराण्याची ओळख बापाच्या नावावरून होत होती आणि बाप मेला की ओळख पुसली जात होती. आता ओळख घराच्या उंबरठ्यावरून होऊ लागली. मूल असो, नातू असो, मुद्दाम अनाथ केलेला डीमन असो, ज्या घरात जन्मला त्या घरचा. बाप बदलला तरी घर बदलत नाही. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी क्रमांक एकच्या गादीवर जो नवा पुरुष बसविला, 'सिस्टिमडी', त्याने याच उंबरठ्याचा आधार घेतला. एखादी सेवा बंद करायची म्हणजे तिच्या घरातले एकूणएक बाहेर काढायचे. उत्तरक्रिया करणारा आता कुलमुखत्यार झाला. २०१२ मध्ये आणखी एक सोय निघाली : वंशवृक्षातल्या एखाद्या मधल्या वडीलधाऱ्यालाही आपल्या शाखेतले पोरके आपल्याकडे वळविता येऊ लागले. जवळच्या आजोबांना विचारायला कर्नेल इतक्या वर्षांनी शिकला.

कुलमुखत्यार आला की भांडण आलेच. मे २०१६ मध्ये सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीने ठरविले की माणूस यंत्रावरून उठून गेला म्हणजे त्याची मागे राहिलेली सर्व प्रोसेस-पिलावळ आपोआप संपवावी. रात्रभराचे काम नोहप लावून घरी जाणारे जुनेजाणते खवळले. चाळीस वर्षे चालत आलेला त्यांचा रिवाज एका रात्रीत गुन्हा ठरला होता. अखेर डेबियनसारख्या वितरकांनी तो नियम आपल्याकडे सुरुवातीलाच बंद ठेवला. माझे मत विचाराल तर नियम तर्काला धरून होता आणि रागही रास्त होता.

दरम्यान क्रमांक एकचेही पीक आले. २०१३ पासून 'डॉकर'मुळे संगणकाच्या पोटात लहान लहान बंद खोल्या करण्याची लाट आली. प्रत्येक खोलीत क्रमांक पुन्हा एकपासून. खोलीतला क्रमांक एक मेला तर आतल्या सगळ्यांना कर्नेल नऊ क्रमांक देतो. अख्ख्या यंत्राचा क्रमांक एक मेला तर लिनक्स स्वतःच हातपाय गाळून बंद पडते. पण या खोल्यांत गादीवर बसविले जात ते साधेसुधे प्रोग्रॅम. आपल्याला पोरक्यांचे हिशेब वाचायचे आहेत हे त्यांना माहीतच नव्हते, आणि खोल्या झोंबींनी भरू लागल्या. तेव्हा 'टिनी' नावाचा एक चिमुकला वाली लिहिला गेला. मूळच्या 'इनिट' या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की त्याचे नाव होते. सिग्नल पुढे पोचवायचे आणि मेलेल्यांचे हिशेब वाचायचे, बाकी काही करायचे नाही. जानेवारी २०१७ मध्ये डॉकरने तो आपल्या घरात घेतला.

आकाशकंदिलाचा फोटो ज्या अँड्रॉइड फोनवर आपण काढता त्याच्याही पोटात लिनक्स आहे. तेथेही क्रमांक एकवर इनिट बसलेला असतो. त्याच्याखाली 'झायगोट', म्हणजे फलित बीज, नावाची एक प्रोसेस असते, आणि आपण उघडतो ती ॲपे तिच्याच पोटी जन्म घेतात. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत असे ठरले की ॲपांनी परभारे जन्माला घातलेली मुले, सगळ्या ॲपांची मिळून, ३२ हून अधिक असू नयेत. जास्त झाली की यंत्रणा त्यांतली काही निवडून काढून टाकते. या मुलांना तेथे 'फँटम' म्हणजे भुते म्हणतात. फोनवरच युनिक्सचा अभ्यास करणारी काही हौशी मंडळी आहेत. त्यांची चालू कामे एकाएकी बंद पडू लागली आणि पडद्यावर एक ओळ येऊ लागली : काम संपले, सिग्नल ९. पुढील आवृत्त्यांत ही मर्यादा उठविण्याचे एक बटण ठेवण्यात आले आहे; ते सेटिंगमध्ये, इंजिनिअर लोकांसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात असते.